चाचणीआधीची उजळणी

फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास माझी धाकटी बहीण काश्मीरमधल्या एका उतारावर स्कीइंग करताना पडली. डोक्याची मागची बाजू कडक झालेल्या बर्फावर आपटली. ती एकतीस वर्षांची होती. छत्रपती संभाजीनगरमधल्या एका खासगी शाळेत क्रीडाशिक्षिका होती. चौदा दिवसांच्या शिबिराचा तो बारावा दिवस होता.

पडल्यावर ती स्वतः उठली. तिघांना वेगवेगळं विचारलं तेव्हा तिघांनीही हेच सांगितलं, म्हणून मी ते खरं धरते. तिने कपडे झटकले, "काही नाही झालं" म्हणाली आणि चहा घेतला. अकरा बेचाळीसला तिने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. लाल जाकीट, कपाळावर चढवलेला गॉगल, मागे पांढरा उतार. खाली लिहिलं होतं, "आज मस्त आपटले." आईने हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मी अंगठा टाकला. बाराच्या सुमारास तिला उलटी झाली. सव्वाबारापर्यंत ती बोलेनाशी झाली.

तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं. त्याचा पट्टा सैल होता, असं तिच्यासोबतच्या एका मुलीचं म्हणणं आहे. प्रशिक्षकाचं म्हणणं वेगळं आहे. मी दोघांशी तीन-तीनदा बोलले. काही निष्पन्न झालं नाही.

श्रीनगरच्या रुग्णालयात संध्याकाळी पाचच्या आत शस्त्रक्रिया झाली. कवटीखाली साचलेलं रक्त काढलं. मार मागे बसला होता, पण मेंदू आतल्या आत पुढे आदळला होता आणि जास्त इजा कपाळामागच्या भागाला झाली होती. डॉक्टरांनी हे मला दुसऱ्या दिवशी कागदावर पेनाने काढून दाखवलं. तो कागद मी ठेवला आहे. नऊ दिवस ती शुद्धीवर नव्हती.

मी सतरा वर्षं एका मराठी दैनिकात काम करते. त्यातली पहिली सहा वर्षं मी अपघातांच्या बातम्या केल्या. बातमीत दोनच प्रकार असतात, ठार आणि गंभीर जखमी. गंभीर जखमी माणसाचं नाव, वय, गाव लिहायचं आणि त्याच्यावर उपचार सुरू आहेत, असं लिहून थांबायचं. तो पुढे मरण पावला तर पुन्हा चार ओळी. मरण पावला नाही तर काहीच नाही. सहा वर्षांत मी असे किती जण लिहिले ते मोजलेलं नाही. त्यातल्या एकाच्याही घरी मी नंतर गेले नव्हते.

श्रीनगरच्या त्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेर सात खुर्च्या होत्या. मी एकाही खुर्चीवर सलग दहा मिनिटं बसले नाही. परिचारिका बाहेर आली की मी उठायचे. ती दुसऱ्या कुणासाठी आलेली असायची. मी वहीत वेळ लिहायचे आणि कोण काय म्हणालं ते लिहायचे. "डाव्या हाताची बोटं हलली, ९.४०, परिचारिका." "हलली नाहीत, ११.१५, डॉक्टर." दोन्हींतलं कुठलं छापायचं, हे ठरवण्याची मला सवय होती. तिथे ते ठरेना. शेवटी मी दोन्ही आईला फोनवर सांगितलं. आईने फक्त पहिलं ऐकलं.

मोठ्या डॉक्टरांना मी विचारलं, ती पूर्वीसारखी होईल का. ते म्हणाले, पहिल्या सहा महिन्यांत बराच फरक पडतो, नंतरही पडत राहतो, पण कोण कुठे थांबेल ते आज सांगता येत नाही. मी हाच प्रश्न पाच दिवस वेगवेगळ्या शब्दांत विचारला. त्यांनी पाचही दिवस तेच उत्तर दिलं.

मार्चअखेरीस आम्ही तिला विमानाने घरी आणलं. आमचं घर पडेगावात आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. अण्णा, म्हणजे आमचे वडील, सिल्लोड तालुक्यातली मक्याची शेती अजून स्वतः बघतात आणि शनिवार-रविवार शहरात येतात. मी आणि बहीण दोघी लग्न न केलेल्या, त्यामुळे घरात चौघंच.

बहीण चालत होती. जेवत होती. बोलत होती, थोडं हळू. अनोळखी माणसाला ती ठीक वाटली असती. सकाळी भेटून गेलेला माणूस दुपारी तिच्या लक्षात नसायचा. आंघोळीला जाताना ती टॉवेल घेऊन स्वयंपाकघरात येऊन उभी राहायची. आणि मनात येईल ते ती बोलायची, कुणासमोरही.

आजाऱ्याला भेटायला येणं आमच्याकडे टाळता येत नाही. गावाकडून जीप भरून माणसं आली. प्रत्येकाने तिच्यासमोर वाकून एकच प्रश्न विचारला.

"ओळखलं का मला?"

अण्णांची थोरली बहीण, आमची आत्या, तिसऱ्यांदा आली तेव्हा बहीण म्हणाली, "ओळखलं ना. ओळखलं का, ओळखलं का, असं विचारणारी आत्या."

आत्या हसली. मग तिने पदर सावरला आणि मोर्चा आईकडे वळवला. "वहिनी, मी म्हणते, एवढ्या लांब बर्फावर घसरायला पोरगी धाडायची काय गरज होती? आपल्या रानात चिखल कमी होता का घसरायला?"

"ती स्वतः गेली, वन्सं. मोठी आहे ती," आई म्हणाली.

"मोठी हाय म्हणूनच म्हणते. लग्न झालं असतं तर गेली असती का?"

"आत्या, तुमचा आवाज लई मोठा आहे," बहीण म्हणाली. "माझं डोकं फुटलंय आधीच."

अण्णा दारात उभे राहून हसू दाबत होते. "अक्का, चहा घे अन् चल," ते म्हणाले. "डॉक्टरनं गर्दी नाय सांगितली."

"व्हय, आता आम्ही गर्दी झालो," आत्या म्हणाली. चहा मात्र तिने घेतला.

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी मार्चमध्येच स्पष्ट सांगितलं होतं. जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत जागा राखून ठेवू. तेव्हा रुजू होण्यास योग्य असल्याचं तज्ज्ञांचं पत्र लागेल. पत्र नसेल तर पुढचं व्यवस्थापन ठरवेल. बहिणीला दिवसभरातलं काहीही आठवो न आठवो, हे आठवायचं. "जूनला मी मैदानावर," ती म्हणायची. दिवसातून चार-पाचदा म्हणायची. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. खेळायला लागल्यापासूनच नव्हतं, आणि ती दहाव्या वर्षापासून खेळत होती.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात तिची पहिली चाचणी झाली. चाचणी घेणाऱ्या बाई मानसशास्त्रज्ञ होत्या. मेंदूला मार लागलेल्या माणसांची स्मरणशक्ती आणि लक्ष तपासणं हे त्यांचं काम. मी ऑफिसात होते. बहिणीसोबत आई गेली होती आणि बहीण बावरू नये म्हणून बाईंनी आईला आत बसू दिलं.

पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. कंदील, पेरू, रुमाल, घोडा, पितळ. बहिणीला एकही आठवला नाही. शंभरातून सात, पुन्हा सात, असं वजा करत जायचं होतं. ती त्र्याण्णववर थांबली. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती. तिने बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात लिहिले. पत्राचा प्रश्नच नव्हता. बाई म्हणाल्या, जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बघू.

आई घरी आली. तिने कपाटातून शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर समास आखला.

हे मला तीन आठवड्यांनी कळलं. त्या दिवशी मला दुपारची पाळी होती. सकाळी दहाला किराणा आणायला निघताना मी चप्पल घालत होते आणि मागच्या खोलीतून आईचा वर्गातला आवाज आला.

"हं, सांगा. पाच शब्द."

"कंदील. पेरू. रुमाल." थोडा वेळ गेला. "घोडा."

"आणि?"

"भांडं असतं त्याचं."

"भांडं कशाचं असतं?"

"पितळ!"

"शाब्बास. आता शंभरातून सात."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट." हे तिने एका दमात म्हटलं, पाढे म्हणतात तसं.

अण्णा बाहेर पेपर वाचत होते. "बाईंचा तास चालू हाय," ते मला म्हणाले. "मधी जाऊ नको, अंगठे धरायला लावतील."

आई नोकरीत होती तेव्हाचं मला आठवत होतं. तपासणीला साहेब येणार असं कळलं की ती साहेबांचे नेहमीचे प्रश्न फळ्यावर लिहायची आणि सगळ्या वर्गाकडून पाठ करून घ्यायची. मीही त्या वर्गात होते. साहेबांनी नदीचं नाव विचारलं की चाळीस हात वर व्हायचे. साहेब शेरा चांगला लिहून जायचे. आई म्हणायची, पोरांची भीड एकदा मोडली की पुढचं ती शिकतात. बहुतेक पोरं शिकलीही.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा दुसरंच बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाजी निवडत असताना मी तिच्यासमोर उभी राहिले.

"आई, हे पेपर फोडणं आहे."

"पेपर फोडला नाही. पेपर माझ्यासमोर झाला."

"त्या बाईंना तिची खरी स्थिती कळायला नको?"

"कळून काय करतील? नाही म्हणून लिहितील. ते तर मलाही लिहिता येतं." तिने मेथीची जुडी फिरवली. "एकदा मैदानावर उभी राहिली की तिला सगळं येईल. तिचे पाय तिथले आहेत. तुला खेळातलं काही कळत नाही, तू बाजूला हो. उजेड अडतोय."

मी बाजूला झाले.

मी बहिणीजवळ जाऊन बसले. ती बुटांच्या नाड्या ओवत होती. मी म्हटलं, "नव्वदातून सात किती?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, हे नव्हतं त्यात," ती म्हणाली.

मी हे लिहून ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. मलाही ते पत्र हवं होतं. तारखा पाहिल्या तर मी हे एकूण चोवीस दिवस गप्प राहिले.

मेच्या शेवटच्या रविवारी बहीण कॉलनीच्या मोकळ्या जागेवर मुलांना लंगडी शिकवत होती. नऊ मुलं होती. ती मध्ये उभी राहून एका मुलीचा पाय कसा हवा ते दाखवत होती आणि अगदी पूर्वीसारखं बोलत होती, "गुडघा वर, बघ इकडे, गुडघा." मी फाटकाजवळ उभी होते. मला बरं वाटत होतं. त्या नवांतली एक लहान मुलगी कडेला चेंडू घेऊन खेळत होती. तिचा चेंडू सुटला आणि दौलताबादच्या रस्त्याकडे गेला. मुलगी त्याच्यामागे गेली. बहिणीच्या डोळ्यांसमोरून गेली. बहीण त्या दुसऱ्या मुलीच्या गुडघ्याकडेच बघत होती. मी धावले. मुलीला मी रस्त्याच्या अलीकडे, पाच-सहा पावलांवर धरलं. एक टेम्पो गेला. मुलीला काही झालं नाही.

परत येऊन मी बहिणीला विचारलं, "किती मुलं आहेत?"

तिने मोजली. "नऊ."

"एक मगाशी बाहेर गेली होती."

"नाही गं," ती म्हणाली. "सगळी इथेच आहेत की."

शाळेत तिच्या एका तासाला चाळीसहून जास्त मुलं असतात. मी तो आकडा घेऊन दोन दिवस फिरले. ऑफिसात मथळा लावताना चूक झाली, ती दुसऱ्याने पकडली. सोमवारी मी त्या मानसशास्त्रज्ञ बाईंचा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. मंगळवारी लावला, त्यांनी उचलला, मी वेळ नक्की करायला फोन केल्याचं सांगितलं. रोज सकाळी दहाला मागच्या खोलीत तास होत राहिला.

चाचणीच्या दिवशी आम्ही तिघी रिक्षाने गेलो. बहिणीने शाळेचा ट्रॅकसूट घातला होता. आई वाटेत दोनदा म्हणाली, "घाई करायची नाही. प्रश्न पूर्ण ऐकायचा." या वेळी बाईंनी आम्हा दोघींनाही आत बसू दिलं, फक्त मागे बसायला सांगितलं.

वार, महिना, शहर, मजला. सगळं बरोबर. शंभरातून सात, पासष्टपर्यंत, न अडखळता. घड्याळ गोल होतं, आकडे जागच्या जागी होते. बाईंनी मान हलवली आणि लिहिलं. आईचा हात माझ्या मनगटावर होता. मी तो हात काढला नाही आणि बोललेही नाही.

मग बाईंनी पाच शब्द सांगितले. ते वेगळे होते. चटई, लिंबू, शिडी, कोंबडी, चांदी. बहिणीने ते लगेच म्हणून दाखवले. मधे चित्रं ओळखायची होती, ती तिने ओळखली. पाच मिनिटांनी बाईंनी विचारलं, "मघाचे शब्द सांगाल?"

बहीण ताठ बसली. "कंदील, पेरू, रुमाल, घोडा, पितळ," ती म्हणाली आणि मागे वळून आईकडे पाहून हसली.

बाईंनी फाइलमधला एप्रिलचा कागद काढला. तो वाचला. मग आमच्याकडे पाहिलं.

"घरी सराव झालाय का?"

मी तोंड उघडलं. आई माझ्या आधी बोलली. "मी घेतला, मॅडम. मी शिक्षिका होते. पोरीला नापास कसं होऊ देऊ?"

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "चोवीस दिवस." आणि मग एका दमात मी नव्वदातून सातचं सांगितलं, त्या मुलीचं आणि टेम्पोचं सांगितलं. आईला टेम्पोचं माहीत नव्हतं. तिने हात माझ्या मनगटावरून काढून मांडीवर ठेवला.

बहीण म्हणाली, "चुकलं का माझं?"

"तुमचं नाही," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांनी आईला विचारलं, "काकू, हे पाच शब्द पाठ व्हायला किती दिवस लागले?"

आईने पिशवीतून वही काढून दिली. मी ती आतून पहिल्यांदाच पाहत होते. रोजची तारीख, वेळ, विचारलेलं, आलेलं, न आलेलं. पहिले आठ दिवस शब्दांपुढे शून्य होतं. नवव्या दिवशी एक. पंधराव्या दिवशी दोन, सोळाव्याला पुन्हा एक. सव्विसाव्या दिवशी पाच. समासात आईच्या बारीक अक्षरात इतरही होतं. "आज टॉवेल घेऊन बरोबर न्हाणीघरात गेली." "आत्याला फोनवर नावानिशी ओळखले." "दुपारी झोपेतून उठल्यावर चिडते, त्या वेळी विचारू नये."

बाईंनी वही सावकाश वाचली. मग त्या म्हणाल्या, एप्रिलमध्ये तिच्या डोक्यात नवं काही राहत नव्हतं. आता रोज घोटून घेतलं तर राहतं, आणि बरेच दिवस राहतं. हे चांगलं आहे आणि ते या वहीमुळे मला दिसलं. पण एकदाच ऐकलेलं पाच मिनिटं राहत नाही, आणि समोर दोन गोष्टी घडल्या तर एकच दिसते. चाळीस मुलांवर नजर ठेवायला तेच लागतं. मी आज पत्र देऊ शकत नाही.

"पुढं?" आईने विचारलं.

"पुढं बघू. आणखी सुधारणा होऊ शकते. किती, ते मी सांगणार नाही." त्यांनी वहीच्या पानांचे फोनवर फोटो घेतले. "काकू, वही बंद करू नका. फक्त माझे प्रश्न घोटू नका. रोज नवे शब्द घ्या. घरातले घ्या."

बहिणीला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती रडली नाही. "म्हणजे जूनला मी नाही," ती म्हणाली. जिना उतरताना पुन्हा म्हणाली. रिक्षात बसल्यावर पुन्हा म्हणाली, प्रत्येक वेळी पहिल्यांदा कळल्यासारखी. तिसऱ्या वेळी आईने तिचा हात धरला आणि "नाही," म्हणाली. माझ्याशी आई त्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला विचारलं, "ती मुलगी कुणाची होती?" मी सांगितलं. आई साडी बदलून त्यांच्या घरी जाऊन आली. तिथे ती काय बोलली ते मला माहीत नाही.

शाळेला आम्ही बाईंच्या अहवालाची प्रत दिली आणि रजा वाढवण्याचा अर्ज दिला. अर्जाचा मजकूर मी सांगितला, अक्षर बहिणीचं होतं. नऊ दिवस उत्तर आलं नाही. मी रोज मुख्याध्यापिकांना फोन करत होते. चौथ्या दिवसापासून त्यांनी उचलणं बंद केलं. अण्णा गावाहून विचारायचे, "आलं का काही?" मी नाही म्हणायचे. "नाय तर नाय," ते म्हणायचे आणि तासाभराने पुन्हा फोन करायचे.

शाळेचं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. बिनपगारी रजा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाढवण्यात आली आहे. तोपर्यंत बदली शिक्षक काम पाहतील. सुट्टीनंतर तज्ज्ञांचं नवं पत्र सादर करावं लागेल. बहिणीने ते दोनदा वाचलं. पुढची चाचणी सप्टेंबरमध्ये आहे. शाळा सोमवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी सुरू झाली. ती घरी होती.